टेंप्लो मायोर १:२०० : दक्षिणेकडचा छेद

तेनोच्तित्लान ही अस्तेकांची राजधानी, आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी. तिथल्या मुख्य देवळाचं, टेंप्लो मायोरचं, मॉडेल आता जोत्याच्या वर आलंय. खऱ्या देवळाचा पाया सुमारे ८० मीटर, उंची साधारण ४५. म्हणजे आपल्याकडे ४० सेंटिमीटर आणि साडेबावीस. देवळाचं तोंड पश्चिमेला. दक्षिणेकडचा, वित्सिलोपोच्त्ली या युद्धदेवाचा अर्धा भाग मी पूर्व-पश्चिम कापून उघडा ठेवतोय, कारण या वास्तूचा जीव तिच्या पोटात आहे. अस्तेकांनी जुनं देऊळ पाडलं नाही, त्याच्यावरच नवं चढवलं. असे सात मोठे टप्पे झाले. शिवाय बेटाची जमीन खचत होती, तळ्याचं पाणी चढत होतं. उंची वाढवत राहणं भागच होतं.

पायासाठी अस्तेक चिखलात लाकडी खुंट ठोकत. मी प्लास्टरच्या थरात टूथपिक उभ्या रोवल्यात. वरच्या भरावाला त्यांनी तेसोन्त्ले हा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड वापरला. वजनाला हलका, आणि छिद्रांमुळे चुना त्याला घट्ट धरतो. त्या मऊ जमिनीवर याहून शहाणी निवड मला तरी सुचत नाही. त्याच्यासाठी जांभ्याचा चुरा चाळून फेविकॉलमध्ये कालवला. लालसर, खडबडीत पोत अगदी हवा तसा आला.

आतला दुसरा टप्पा साधारण १३९० चा. पुढच्या थरांखाली गाडला गेल्यामुळे माथ्यावरच्या गाभाऱ्यांच्या भिंतींसकट टिकला. छेदात वित्सिलोपोच्त्लीच्या दारासमोरचा बळीचा दगड दिसतो. पावसाचा देव त्लालोक, त्याच्यासमोरचा रंगीत चाकमूल (रेललेल्या माणसाची दगडी मूर्ती) पलीकडे उत्तरेच्या अर्ध्यात, तो झाकलेलाच राहील, तरी करणार.

सगळ्यात जास्त वेळ वित्सिलोपोच्त्लीची बहीण कोयोल्शाउकी, तिच्या कोरीव गोल शिळेनं घेतला. १९७८ च्या फेब्रुवारीत वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना ती लागली आणि पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो मातोस मोक्तेसुमांच्या मोठ्या उत्खननाला तिथून सुरुवात झाली. व्यास सव्वातीन मीटर, मॉडेलमध्ये जेमतेम १६ मिलिमीटर. मान, हात, पाय तोडलेली देवी पॉलिमर क्लेवर सुईनं कोरली. कमरेचा साप भिंगाखालीच दिसतो. ती चौथ्या टप्प्याच्या जिन्याच्या पायथ्याशी होती, म्हणून छेदात ती थरांच्या मधोमध येते.

आता जोडजिने. कडेचा उतरता कठडा माथ्याजवळ एकदम उभा होतो. ही मोड अस्तेक बांधणीची खास ओळख, म्हणून कठडे आधी कापतोय. पायऱ्यांच्या कार्डाच्या पट्ट्या त्यांच्यामध्ये नंतर बसतील. चुन्याचा गिलावा झाला की रंग: त्लालोकला निळा, वित्सिलोपोच्त्लीला लाल.