विजेता एक, प्रतिनिधी दुसरा

२०२२ च्या शरद ऋतूत आयर्लंडमधल्या ट्रली इथे गेलिक फुटबॉल या आयरिश खेळाच्या, केरी काउंटीच्या सीनियर अजिंक्यपदाचा अंतिम सामना पाहून आम्ही बाहेर पडत होतो. पूर्व केरीचा संघ जिंकला होता. मी शेजारच्या काकांना सहज विचारले, की आता हाच संघ मन्स्टर प्रांताच्या स्पर्धेत केरीकडून उतरणार ना? ते म्हणाले, “नाही, केरिन्स ओ'राहिलीज उतरणार.” मला ती थट्टा वाटली, पण थट्टा नव्हती. केरिन्स ओ'राहिलीज हा ट्रलीतलाच क्लब पुढे केरीचा प्रतिनिधी म्हणून खेळला आणि त्या डिसेंबरात मन्स्टरचा विजेताही ठरला. काउंटीचा करंडक मात्र पूर्व केरीकडेच होता.

हा घोळ समजून घ्यायचा तर आधी इथला क्लब म्हणजे काय, ते सांगायला हवे. गेलिक फुटबॉलचा क्लब हा चर्चच्या हद्दीशी, म्हणजे पॅरिशशी, बांधलेला असतो. माणूस ज्या पॅरिशमध्ये वाढला, तिथेच तो बहुधा आयुष्यभर खेळतो. खेळण्याचा पगार कोणालाच मिळत नाही. काउंटीच्या संघातून हजारो प्रेक्षकांसमोर खेळणारा खेळाडूही सोमवारी सकाळी आपापल्या कामावर हजर असतो. मी कोल्हापूरचा, पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल आणि त्यांची ईर्ष्या लहानपणापासून पाहत आलो आहे, त्यामुळे क्लबवरची ही माया मला नवी नव्हती. फरक एवढाच, की आमच्याकडे तालीम बाहेरून, अगदी परदेशातूनही, खेळाडू आणते. इथे तसे करता येत नाही. एखाद्या छोट्या पॅरिशमध्ये पंधरा धट्टीकट्टी पोरे जेमतेम निघत असतील, तर तेवढ्यांवरच भागवावे लागते.

अशा छोट्या क्लबातल्या चांगल्या खेळाडूने करायचे काय, याला केरीने शोधलेले उत्तर म्हणजे विभागीय संघ. पूर्व, पश्चिम, मध्य आणि दक्षिण केरी, शिवाय फील रेंजर्स, शॅनन रेंजर्स, सेंट ब्रेंडन्स आणि सेंट किएरन्स असे हे आठ संघ आहेत, आणि ते सीनियरच्या खालच्या इंटरमीजिएट व ज्युनियर दर्जाच्या क्लबांतून निवडलेल्या खेळाडूंचे असतात. काउंटीच्या स्पर्धेत हे आठ विभागीय संघ आणि आठ सीनियर क्लब एकमेकांशी भिडतात. डेव्हिड क्लिफर्ड हा आजच्या काळातला बहुधा सर्वांत मोठा खेळाडू. तो किलार्नीजवळच्या फॉसा या चिमुकल्या क्लबचा. जानेवारी २०२३ मध्ये फॉसाने अखिल आयर्लंड ज्युनियर अजिंक्यपद मिळवले, आणि त्याच सामन्यात डेव्हिड आणि त्याचा भाऊ पॉडी या दोघांनाही पंचांनी लाल कार्ड दाखवून बाहेर काढले, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो. हे दोघे भाऊ काउंटीच्या स्पर्धेत पूर्व केरीकडून उतरतात. विभाग नसता, तर ज्युनियर क्लबात जन्मलेल्या अशा माणसाला आपल्याच काउंटीच्या मुख्य स्पर्धेत पाऊल ठेवता आले नसते.

प्रांताची स्पर्धा मात्र फक्त क्लबांसाठी आहे. म्हणून केरीत त्याआधी फक्त क्लबांची अशी वेगळी सीनियर स्पर्धा होते, आणि काउंटीचा विजेता विभागीय संघ निघाला, तर त्या स्पर्धेतला विजेता क्लब पुढे पाठवला जातो. २०२३ मध्येही हेच घडले: करंडक पूर्व केरीकडे गेला, मन्स्टरला गेला तो डिंगल हा क्लब, आणि तिथल्या अंतिम सामन्यात तो कॉर्क काउंटीच्या कॅसलहेवन क्लबकडून पेनल्टीवर हरला.

याविरुद्ध तक्रार करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. दहा गावांतले निवडक खेळाडू एकत्र आणून एका गावाला हरवण्यात कसली मर्दुमकी, असा त्यांचा सवाल असतो. शिवाय क्लबांचा दर्जा वेगळ्या स्पर्धेवर ठरत असल्यामुळे २०२१ चा काउंटी विजेता ऑस्टिन स्टॅक्स पुढच्याच वर्षी इंटरमीजिएट दर्जात घसरला, हा प्रकार तर कोणालाही पटवून देता येत नाही. तरीही माझे मत विभागांच्या बाजूने आहे. ज्या स्पर्धेचा पहिला विजेता १८८९ साली किलॉर्ग्लिनसारख्या छोट्या गावातला लॉन रेंजर्स होता, तिचे दार गाव लहान म्हणून कोणाला बंद असू नये.

काकांचा मुलगा असाच दोन जर्सींचा धनी आहे. उन्हाळाभर तो आपल्या ज्युनियर क्लबकडून खेळतो, आणि सप्टेंबर लागला की विभागाच्या सरावाला जातो, जिथे आठवड्यापूर्वी ज्याच्याशी धक्काबुक्की झाली, तोच शेजारच्या गावचा गडी आता त्याला पास देत असतो. काकू दोन्ही जर्सी परसातल्या एकाच दोरीवर वाळत घालतात. क्लबची मात्र नेहमी घराच्या बाजूला असते. काका स्वतः मैदानावर वहीत गुण लिहीत बसतात. तीन गुणांचा गोल डावीकडे, एका गुणाचा पॉइंट उजवीकडे, मध्ये आडवी रेघ, त्यामुळे १-१० म्हणजे तेरा. २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण मिळू लागले आणि पांढऱ्या कोटातले अंपायर त्यासाठी नारिंगी झेंडा उचलू लागले, तेव्हा त्यांनी वहीत तिसरा रकाना आखला नाही. उजव्या आकड्याभोवती फक्त वर्तुळ काढले.

त्या वर्षी डिंगलने १९४८ नंतर प्रथमच काउंटीचा करंडक जिंकला. डिंगल क्लबच असल्यामुळे विजेता आणि प्रतिनिधी या वेळी एकच होता. बाहेर पडताना काका माझ्याकडे वळून पाहत होते. मी काहीही विचारले नाही.