अपडेटची चौकट वेबपानावर आली तर

नौपाड्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणारे बरेच लॅपटॉप एकाच वाटेने बिघडलेले असतात. काहीतरी शोधताना पान उघडतं, मधोमध चौकट येते: ‘तुमचं क्रोम जुनं झालंय, अपडेट करा.’ दाबलं की फाइल उतरते आणि तिच्यात पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम. क्रोम म्हणजे वेबपानं उघडायचा प्रोग्रॅम; त्याचं खरं अपडेट असं वेबपानातून येत नाही, ते आपोआप होतं. खात्री हवी तर उजवीकडचे तीन ठिपके दाबा, मग मदत, मग ‘क्रोमविषयी’. बस्स.

बँकेच्या नावाने येणाऱ्या ईमेलचं जास्त अवघड. पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो. म्हणून मी सांगते, “काका, लिंकचा पत्ता शेवटाकडून वाचा.” रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ (.bank.in) या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. ‘https://’ सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी तेच हवं. सुरुवातीला बँकेचं नाव असून उपयोग नाही.

निवृत्त माणसांची पुंजी जाताना बघवत नाही हो. पैसे गेलेच तर लाजू नका, तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पुढच्या खात्यात वळण्याआधी ते गोठवता येतात. आणि ती फाइल उतरलेल्या लॅपटॉपवरून पासवर्ड बदलू नका, दुसरं यंत्र घ्या.