फायनल रविवारी, तक्रार गुरुवारी

गुरुवारी संध्याकाळी मुली वॉर्मअप करत होत्या, तेवढ्यात एकीची आई मैदानावर आली. सोलापुरात विड्या वळून घर चालवणाऱ्या हजारो बायकांपैकी एक. तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. "मॅडम, हे वाचा की. मला वाचता येत नाही, पण पोरगी जेवंना झालीय."

मेसेज आमच्याच फुटबॉल क्लबच्या सीनियर संघातल्या स्ट्रायकरचे होते, सगळे रात्री उशिराचे. आधी बुटांची चौकशी, मग फोटोची मागणी, मग "कुणाला सांगितलंस तर टीममध्ये राहणार नाहीस." मुलगी पंधरा वर्षांची.

त्याच संध्याकाळी पार्क चौकाजवळ कार्यकारिणी बसली. पहिलं वाक्य निघालं ते असं: "रविवारी फायनल आहे मॅडम, सोमवारी बघू की." कुणी म्हणालं, पोराला दम देऊ, माफी मागायला लावू, आपसात मिटवू. एकानं तर मुलीलाच थोडे दिवस घरी बसवा म्हटलं. संताप झाला तो यानं. दर वेळी मैदान सुटतं ते मुलीचंच!

मी त्यांना सुंदरलँडचं प्रकरण सांगितलं. या इंग्लिश क्लबच्या अ‍ॅडम जॉन्सनला मार्च 2015 मध्ये अटक झाली. तिथंही मुलगी पंधरा वर्षांचीच होती. क्लबनं त्याला निलंबित केलं आणि साधारण दोन आठवड्यांत परत घेतलं. पुढे कित्येक महिने तो खेळत राहिला. फेब्रुवारी 2016 मध्ये कोर्टात त्यानं दोन आरोप कबूल केले, तेव्हा कुठं त्याला काढलं. मार्चमध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि क्लबच्या मुख्य कार्यकारी मार्गारेट बर्न यांनी राजीनामा दिला. त्यानं मुलीला पाठवलेल्या मेसेजची माहिती त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. तिथं निदान कोट्यवधींचा खेळाडू पणाला होता. आपण एका करंडकासाठी पोरीला वाऱ्यावर सोडायचं?

मग पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा काढला. कलम 19 प्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. नाही कळवलं तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं दडवलं तर एक वर्षापर्यंत. खजिनदारांनी ते कलम परत वाचायला लावलं.

ठराव झाला: चौकशी संपेपर्यंत खेळाडू मैदान, ऑफिस आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून दूर, मुलीचा सराव चालू. तो दोषी आहे की नाही हे कोर्ट ठरवेल, पण तोवर त्यानं तिच्यासमोर यायचं नाही.

रात्रीच मुलीच्या आईवडिलांसोबत पोलीस ठाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी महिला उपनिरीक्षक जबाब घ्यायला घरी आल्या, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. अल्पवयीनाचा जबाब पोलिसांनी गणवेशात घ्यायचा नाही, असं कायद्यातच आहे. तेंदूपानांच्या सुपाशेजारी बसून त्यांनी आधी विचारलं, "कुठल्या पोझिशनला खेळतेस गं?" "लेफ्ट बॅक." मग हळूहळू बाकीचं.

फायनल आम्ही त्याच्याशिवाय खेळलो. ठरावावर दोघांनी सही केली नाही. त्यांचा विरोध मी इतिवृत्तात नोंदवून घेतलाय. येत्या वार्षिक सभेत लेखी नियम मांडणार आहे: अल्पवयीन खेळाडूला कुणीही एकट्यानं मेसेज करायचा नाही, पालक ग्रुपमध्ये असलेच पाहिजेत. तेव्हाही त्या दोघांना सगळ्यांसमोर हात वर करून मत द्यावं लागेल.