रेकलेस म्हणजे नुसतं निष्काळजी नाही हो

मागे एकदा मी मेलला फाईल जोडायची विसरले आणि सिनियरने उत्तरात लिहिलं की हे फार रेकलेस वागणं आहे. तो शब्द मला इतका लागला की दोन दिवस डोक्यातून जाईना, कारण चूक माझीच होती पण शब्द चुकीचा होता. विसरणं म्हणजे केअरलेस. लक्ष नव्हतं, राहून गेलं. रेकलेस माणसाला मात्र धोका दिसत असतो, आणि दिसूनही तो म्हणतो, होऊ दे काय व्हायचं ते.

मराठीत याला बेपर्वा किंवा बेदरकार हे शब्द अगदी फिट बसतात, घडणसुद्धा तीच आहे बघा. रेक म्हणजे जुन्या इंग्रजीत पर्वा करणं, आणि लेस म्हणजे आपला बे. फरक इतकाच की आपली पर्वा आणि दरकार अजून रोजच्या बोलण्यात आहेत आणि तिकडे रेक एकटा जवळजवळ मेलाय, फक्त या शब्दात उरलाय. म्हणूनच बरेच जण स्पेलिंगमध्ये सुरुवातीला डब्ल्यू लावतात, मोडतोडवाला रेक समजून, खासकरून ड्रायव्हिंगबद्दल लिहिताना. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

हा फरक किती मोठा आहे ते इंग्लंडच्या एका खटल्यात दिसतं. 11 आणि 12 वर्षांच्या दोन मुलांनी दुकानामागे वर्तमानपत्रं पेटवली, त्यांना वाटलं आपोआप विझतील, पण आग पसरली आणि सुमारे 10 लाख पौंडांचं नुकसान झालं. आधी दोषी ठरवलं, कारण कुठल्याही समंजस माणसाला धोका कळला असता. पण 2003 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ते रद्द केलं, की त्या मुलांना स्वतःला धोका कळला होता का ते बघा, नसेल कळला तर ते रेकलेस नाहीत. मला हे फार पटतं.

हीडलेस हा अजून एक, तो मला या दोघांच्या मधला वाटतो, समोरून कुणी सावध करतंय आणि आपण कानच देत नाही. दोघांच्याही पुढे ऑफ येतं, म्हणजे हीडलेस ऑफ डेंजर, रेकलेस ऑफ द कॉन्सिक्वेन्सेस.

आणि रेकलेसला बिनधास्त म्हणू नका प्लीज, बिनधास्तमध्ये कौतुक असतं. त्या मेलमध्ये केअरलेस लिहिलं असतं तर मी लगेच सॉरी म्हणून फाईल पाठवली असती, मनात काही राहिलं नसतं.