झोन बावीस

शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४. रात्रीचे साडेनऊ

गजर पावणेपाचचा लावलाय. सीक्यू वर्ल्ड वाइडची मोर्सची स्पर्धा दरवर्षी नोव्हेंबरातल्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते आणि ती चालते जागतिक वेळेवर. तिकडे शून्य वाजले की नाशकात पहाटेचे साडेपाच. तिथून सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत, सलग ४८ तास. जगभरातले हौशी रेडिओवाले एकमेकांना हाका मारणार, शक्य तितके देश आणि शक्य तितके झोन, म्हणजे जगाचे पाडलेले भाग, गाठायला बघणार. शाळेतली उद्याची रजा मी महिनाभर आधीच मागून ठेवली होती.

माझा गट ठरलेला आहे. एकटीने, १०० वॉटच्या आत, बाहेरची मदत न घेता. कुठलं स्टेशन कुठल्या फ्रीक्वेन्सीवर आहे हे सांगणाऱ्या याद्या इंटरनेटवर क्षणाक्षणाला सरकत असतात. त्या बघितल्या की गट बदलतो. मला त्या नकोच असतात. डायल फिरवत जायचं आणि जो सापडेल तो आपल्याच कानाला सापडला पाहिजे, याचं मला फार आहे. पाठवायचंही हातानेच, पॅडलवर, म्हणजे मोर्स ठोकायच्या दुहेरी दांडीवर. संगणक फक्त लॉग लिहिण्यापुरता.

गच्चीवरच्या अँटेनाच्या तारा दुपारी पुन्हा ताणून घेतल्या. टाकीशेजारच्या जीआय पाइपावरून दोन्हीकडे उतरणाऱ्या तीन जोड्या, सगळ्या एकाच केबलवर. सगळ्यात लांब जोडी ४० मीटर बँडची, म्हणजे त्या लांबीच्या लहरींच्या पट्ट्याची, टोकापासून टोकापर्यंत वीसेक मीटर. तीच १५ मीटरवरही चालते, कारण ७ मेगाहर्ट्झची तिप्पट २१. वर्गात पटीतल्या संख्या शिकवताना दरवेळी ही तार डोळ्यापुढे येते.

एक काळजी मात्र कालच मिटली. मंगळवारपासून ४० मीटरवर सतत घरघर होती, मीटरचा काटा सातवर, त्याखाली कुठलाही बारीक सिग्नल दबून जाईल अशी. हातात जुना ट्रान्झिस्टर घेऊन संध्याकाळी गल्लीभर फिरले. शेजारच्या काकूंच्या तुळशीपाशी ट्रान्झिस्टर खरखरायला लागला. एलईडीच्या माळेचा अ‍ॅडॉप्टर! काकू मूळच्या कोकणातल्या, देवदिवाळीपर्यंत माळ उतरवत नाहीत. मी कसंबसं समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, दोन दिवस तुळशीपुढे तेलाचा दिवा लावीन. त्यात काय एवढं! तू बोल तुझ्या लोकांशी." त्यांना बिनघरघरीचा अ‍ॅडॉप्टर आणून द्यायचं कबूल केलंय. विसरता कामा नये.

शनिवार, दुपारी सव्वाला

पहिला संपर्क ५:३१ ला, बल्गेरिया, ४० मीटर. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली आणि माणूस अगदी ताजातवाना. साडेसहापर्यंत युरोपची रांगच लागली. उजाडायच्या आधीची ती पंधरा-वीस मिनिटं मला वर्षभर आठवत राहतात. सिग्नल एकदम भरून येतात, जणू कुणी दार लोटून आत आलं, आणि मग मखमलाबादच्या बागांवर ऊन आलं की विरत जातात. सूर्यप्रकाशाने वातावरणाचा खालचा थर जागा होतो आणि तो हा बँड गिळून टाकतो. कारण माहीत असूनही दरवेळी हुरहुर लागते. बाहेर द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर सुरू झाला होता. ऑक्टोबर छाटणीनंतरचे कोवळे घड आणि त्यावर हे दव, शेतकऱ्याचीही झोप उडालेलीच असते या दिवसांत.

आठनंतर १० मीटर उघडला आणि जपान आला. जपानी ऑपरेटरांचं पाठवणं ऐकत राहावं असं असतं, अक्षर आखून काढल्यासारखं. गुण मात्र एकेकच, कारण आपण दोघेही आशियातले. दुसऱ्या खंडाचे तीन. यंदा सूर्यावर डागांची गर्दी आहे, अकरा वर्षांच्या चक्राचा हा माथा. चार वर्षांपूर्वी याच बँडवर मी तासन्‌तास नुसती सळसळ ऐकली होती. आज सगळीकडे वस्ती आहे.

सासूबाईंनी भाकरीचे तुकडे आणि पिठलं टेबलावर ठेवलं, एका हाताने खाता येईल असं. डोक्यावरून हात फिरवून गेल्या, बोलल्या काही नाहीत. हेडफोन असला की त्या बोलत नाहीत.

विधानसभेची मतमोजणी आज. अकरानंतर रस्त्यावर ढोल, फटाके, गुलाल. कानात युरोप आणि खिडकीत ताशा. दीडच्या सुमाराला १० मीटरवर युरोप पूर्ण उघडेल, त्याआधी वीस मिनिटं पडते.

रविवार, पहाटे अडीच

हे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी होणार नाही.

संध्याकाळ सुंदर गेली होती. साडेसहानंतर १५ मीटरवर अमेरिकेचा पूर्व किनारा. आपल्याकडून तिकडची वाट थेट उत्तरेला, ध्रुवाच्या अंगाने जाते, त्यामुळे ते सूर थरथरतात. दा, म्हणजे मोर्समधला लांब ठोका (आखूड तो दि), संपता संपता फाटतो, पाण्याखालून आल्यासारखा. त्या कंपावरूनच कळतं की हा आर्क्टिकवरून आलाय, कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, नंतर. बावीस अमेरिकन मिळाले.

साडेनऊला ४० मीटरवर गेले, युरोपची खरी वेळ. चाळीसेक मिनिटांनी स्टँडिंग वेव्हचा काटा, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते दाखवणारा, हळूहळू वर सरकू लागला. आधी दोन, मग तीन, मग रिगने, म्हणजे रेडिओसंचाने, स्वतःच पॉवर उतरवली. टॉर्च घेऊन गच्चीवर. थंडी, मफलर, ओली फरशी. पाइप खाली आडवा केला, जोडावरची टेप सोडली आणि आतून पाण्याचा थेंब बोटावर आला. तांब्याची जाळी हिरवी पडलेली. पावसाळ्यापूर्वीची टेप तशीच ठेवली होती मी. तारा ताणल्या, पाइपाला रंग दिला, आणि जिथून सगळं जातं तो जोड उघडून बघितला नाही. हातभर केबल कापून टाकली, कनेक्टर नवा लावला. डाग देताना गार वाऱ्याने कथिल धरेना, नवऱ्याने चादर आडोशाला धरली तेव्हा कुठे जमलं. वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, त्यावर टेप.

सत्तर मिनिटं गेली. तीही युरोपची. रडू येईल असं वाटलं होतं, पण खाली येऊन हेडफोन लावला तर बँड भरलेलाच होता.

आता तीन तास झोप.

सोमवार, २५ नोव्हेंबर, रात्रीचे आठ

शाळा करून आले. आवाज बसलाय, एक शब्दही न बोलता बसलाय, याचं नवल वाटतं. कानात अजून २२ वाजतंय. दि-दि-दा-दा-दा, दि-दि-दा-दा-दा. प्रत्येकाला पाठवायचं ते एवढंच: पाच एन एन बावीस. ५९९ म्हणजे तुझा सिग्नल उत्तम, आणि २२ म्हणजे माझा झोन. नऊ लिहायला चार दा आणि एक दि लागतात, त्यापेक्षा एन, म्हणजे दा-दि, लवकर जातो. म्हणून सगळेच नऊच्या जागी एन ठोकतात. जगाचे चाळीस झोन पाडलेत, त्यातला आपला बावीस. भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, भूतान, मालदीव. इतका मोठा टापू, पण या दोन दिवसांत मोर्सवर बसणारे इथे थोडेच. म्हणून गच्चीवरच्या तारेला आणि १०० वॉटला युरोप इतका मान देतो. त्यांना एका संपर्कात नवा देशही मिळतो आणि नवा झोनही.

काल संध्याकाळी पाचला १५ मीटरवर एक रिकामी जागा धरली आणि सीक्यू दिला, म्हणजे ऐकणाऱ्या सगळ्यांना हाक. दा-दि-दा-दि, दा-दा-दि-दा. तीन हाकांनंतर एक जर्मन. मग दोन इटालियन. मग एकदम मोहोळ उठलं. वीस-पंचवीस स्टेशनं एकाच वेळी, एकमेकांच्या अंगावर. अशा वेळी पूर्ण कॉलसाइन पकडायला जायचं नाही. कान सैल सोडायचा. त्या गुणगुणीतून दोन अक्षरं वर येतात, ती लगेच परत पाठवायची आणि पुढे प्रश्नचिन्ह. ज्याची ती असतील तो एकटा बोलतो, बाकीचे थांबतात. सुरांची उंची निरनिराळी असते, ती फार कामाला येते. कुणी जरा चढ्या सुरात, कुणी उतरत्या. तासाला एकाहत्तर संपर्क झाले. माझ्यासाठी हा उच्चांक.

आणि तेव्हाच तो ऐकू आला. ढिगाच्या तळाशी, फार हळू. सगळे मिनिटाला अठ्ठावीस-तीस शब्दांच्या वेगात आणि हा बारा-तेराच्या. पॅडल नव्हे, साधी की असणार, कारण दा गरजेपेक्षा लांब होते आणि आकड्यापाशी हात किंचित थबकत होता. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा एस आणि पी मिळाले. पोलंड. पोलंड कालच मिळाला होता, या बँडवरही. नवा गुणाकार नाही, म्हणजे एकूण गुणांना देश आणि झोनच्या ज्या बेरजेने गुणतात तिच्यात भर नाही.

मी एसपी आणि प्रश्नचिन्ह पाठवलं. दोन तगडे एसपी त्याच्यावर चढून बोलले. त्यांना घेतलं, पुन्हा विचारलं. परत कल्लोळ. मग पॅडलचा वेग उतरवला, पार त्याच्या वेगापर्यंत, आणि तेच पुन्हा पाठवलं. अनोळखी वेग ऐकून बाकीचे बावरले असावेत, गर्दी जराशी पांगली. त्याने सगळं कॉलसाइन दिलं. शेवटचं अक्षर एच की एस? चार दि की तीन? थकलेल्या कानाला हा फरक भिंतीएवढा होतो. पुन्हा विचारलं. त्याने एकट्या अक्षरापुढे-मागे मोकळी जागा सोडून ते तीनदा दिलं. एच. मी पाच एन एन बावीस दिलं, त्याचं पंधरा आलं. आणि मग, स्पर्धेत कुणी पाठवत नाही ते त्याने पाठवलं: पहिलाच व्हीयू, आभार. व्हीयू म्हणजे भारतातलं स्टेशन.

घड्याळाप्रमाणे चार मिनिटं. गणिताची बाई असल्याने हिशेब आपोआप होतो. त्या वेगाने एका मिनिटाला एकाहून थोडा जास्त संपर्क. म्हणजे चार मिनिटांत चार तरी मिळाले असते, हा धरून गेले तीन. एकेकाचे तीन गुण, गुणिले दोनशेच्या वर. दोन हजारांहून जास्त गुण सोडले. तरी मी ते पुन्हा सोडेन. त्याला ऐकलं होतं मी. ऐकू आलेलं माणूस ऐकलंच नाही असं करून पुढे जायचं, तर मग त्या याद्या बघून, बटण दाबून पाठवायला काय हरकत आहे? मी एकटी बसते ती याच्यासाठीच. कोण ऐकू येतं आणि त्याच्यासाठी किती वेळ थांबायचं हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही.

त्याला मी ७३ दिलं. शुभेच्छा. तेही स्पर्धेत कुणी देत नाही. बाबा मनमाडच्या तार ऑफिसात होते. शुभेच्छांच्या तारेला तेव्हा ठरलेले आकडे असत. इकडून आकडा जायचा आणि तिकडे अख्खं वाक्य उमटायचं. त्यांचं यंत्र सूर काढत नसे, नुसतं कट्ट कडकट्ट करायचं, आणि दोन खटक्यांमधल्या वेळावरून ते अक्षर ओळखायचे. जेवणाच्या टेबलावर चमच्याने मला शिकवलं ते तसंच. १५ जुलै २०१३ ला तार बंद झाली त्या दिवशी त्यांनी पेपर दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवला. माझ्या हाताला दा किंचित लांब पाठवायची खोड आहे, ती त्यांचीच. कदाचित म्हणूनच त्या पोलिश माणसाचा हात मला गर्दीत वेगळा ऐकू आला.

शेवटचा संपर्क आज पहाटे ५:२७ ला, मोरोक्को, ४० मीटर, झोन ३३. तो झोनही नवा आणि देशही. साडेपाचला सगळं एकदम थांबलं. दोन दिवस गजबजलेला बँड असा शांत होतो की हेडफोन काढायला हात उचलत नाही.

एकूण ६११ संपर्क. ४६८ दुसऱ्या खंडांतले, १४१ आशियातले, दोन आपल्याच देशातले, त्यांचे गुण शून्य. झाले १५४५. देश आणि झोन मिळून २३४. गुणाकार ३,६१,५३०. हा मी सांगितलेला आकडा. आता सगळ्यांचे लॉग एकमेकांशी ताडून बघतील; जिथे अक्षर चुकलं असेल तिथे तो संपर्क तर जाईलच, वर दंडही बसेल. एच बरोबर असावा एवढीच इच्छा आहे. लॉग संध्याकाळी पाठवून दिला.

येताना भद्रकालीतून अ‍ॅडॉप्टर घेतला, दुकानातच ट्रान्झिस्टर जवळ धरून तपासला, चौथा शांत निघाला. तो घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी पणतीतली वात मागे सारली, माळेची पिन नव्या अ‍ॅडॉप्टरला लावली आणि बटण दाबण्याआधी थांबून विचारलं, "झालं ना गं तुझं बोलून सगळ्यांशी?"

"झालं काकू. लावा."