विणायची सुई, रिमोट आणि एक फुटका कोअर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच आहे: जुना रेडिओ जुळवायची, म्हणजे त्याच्या आतल्या कॉइली पुन्हा नेमक्या आकड्यावर आणायची, हत्यारं दुकानात मिळतात, मग तुम्ही घरी विणायच्या सुया घासत का बसता? विचारणाऱ्यानं तोवर माझी बिस्किटांची पत्र्याची पेटी उघडलेली असते. आत सुया, बांबूच्या कामट्या, माडाचे हीर, पोट फाडलेला टीव्हीचा रिमोट. बाईला काटकसरीचं वेड लागलंय, असं चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. काटकसर आहे, नाही कशाला म्हणू. पण सुरुवात झाली ती फजितीतून.

डिचोलीला आमच्या शेजारी एक तारवटी काका राहायचे. तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. त्यांनी परदेशातून आणलेला ग्रुंडिग एका पावसाळ्यानंतर अगदी मंद झाला. मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय फिजिक्स, त्यामुळे आत्मविश्वासाला तोटा नव्हता. मागचं झाकण काढलं, आय.एफ.टी.चे, म्हणजे एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेल्या कॉइलींचे (तारेच्या वेटोळ्यांचे), ॲल्युमिनियमचे डबे दिसले, डब्याच्या डोक्यावर भोक आणि भोकात कोअर, म्हणजे फिरवून कॉइल जुळवायची फेराइटची गुल्ली. घातला स्टीलचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि फिरवला. आवाज वाढला, काका खूश. स्क्रू-ड्रायव्हर बाहेर काढला, आवाज बसला. पुन्हा घातला, पुन्हा आवाज. पाच-सहा वेळा हाच खेळ. लोखंड कॉइलपाशी गेलं की तिचा इंडक्टन्स वाढतो, काढलं की उतरतो, आणि कॉइल कुठल्या आकड्याला जुळते ते या इंडक्टन्सवरच ठरतं. म्हणजे मी जुळवत होते तो रेडिओ नव्हता, रेडिओ अधिक स्क्रू-ड्रायव्हर होता. हे तेव्हा डोक्यात आलं नाही. चिडून जोर दिला आणि आत 'कट्' झालं. फेराइट कपबशीसारखं असतं, वाकत नाही, फुटतं.

काका एक शब्द बोलले नाहीत. काकींनी चहा आणून ठेवला. तो चहा मला अजून आठवतो.

तर पहिलं हत्यार विणायची सुई. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात प्लॅस्टिकच्या सुयांची जोडी घ्यायची, 10 नंबरची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीची. ॲल्युमिनियमची नको, तिनं पुन्हा तीच गत. कोअरला खाच असेल तर टोक चपटं करायचं: आधी कानस, मग सँडपेपर, आणि दर चार हातांनी खाचेत घालून बघायचं. कोअरला षटकोनी भोक असेल तर सहा बाजू पाडाव्या लागतात आणि तिथे खरी परीक्षा. प्रत्येक बाजूला कानशीचे मोजून सारखे हात. भोक बहुधा अडीच मिलिमीटरच्या आसपास असतं, पण 'आसपास' हाच शब्द कोअर फोडतो. दुकानातलं टोक एका ठरलेल्या मापाचं. ते किंचित सैल बसलं की कोन घासत फिरतं आणि पन्नास-साठ वर्षांच्या भोकाच्या कडा खातं. माझी सुई त्या सेटसाठी घासलेली असते, म्हणून ती गच्च बसते. कोअर मेणानं धरला असेल तर आधी हेअर ड्रायरची थोडी ऊब द्यायची. जोर कधीच द्यायचा नाही. माडाचा हीर ट्रिमरच्या (बारीक फिरत्या कंडेन्सरच्या) नाजूक खाचेला बरा, पण आमच्या पावसाळ्यात दमट होऊन वाकतो, म्हणून तो मी मार्चमध्येच वापरते.

दुसरं हत्यार माझं लाडकं. संपलेल्या बॉलपेनची नळी घ्यायची, एका टोकात फेराइटचा तुकडा, दुसऱ्यात पितळी स्क्रू, दोन्ही फेविक्विकनं पक्के. मी त्याला दुतोंडी म्हणते. एरियलच्या किंवा ऑसिलेटरच्या (सेटच्या आत स्वतःचा सिग्नल बनवणाऱ्या भागाच्या) उघड्या कॉइलमध्ये आधी एक तोंड सरकवायचं, मग दुसरं. फेराइटनं इंडक्टन्स वाढतो, पितळेनं कमी होतो. फेराइटचं तोंड घातल्यावर आवाज वाढला तर कॉइलला आणखी इंडक्टन्स हवाय. पितळेनं वाढला तर आहे तोच जास्त आहे. दोन्ही तोंडांनी आवाज उतरला तर कॉइल बरोबर जागेवर आहे, हात काढून घ्यायचा. काही न फिरवता रोग कळतो. आणि ते फेराइट कुठलं, ते ओळखलं असेलच.

जुळवताना सेटला द्यायला सिग्नल लागतोच. त्यासाठी रिमोट. टीव्हीच्या बऱ्याच जुन्या रिमोटांत दोन पायांचा सिरॅमिक रेझोनेटर, म्हणजे एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला थरथरणारा तुकडा, असतो, 455 किलोहर्ट्झचा. त्याला 12 ने भागून रिमोट आपला 38 किलोहर्ट्झच्या जवळपासचा झोत बनवतो. आपल्या कामाचा आहे तो न भागलेला आकडा, कारण असंख्य रेडिओंची आय.एफ., म्हणजे कुठलंही स्टेशन लावलं तरी सेट ते आत ज्या एकाच फ्रिक्वेन्सीवर आणतो ती, 455 च आहे. एक बीसी 548 ट्रान्झिस्टर, दोन-तीन कंडेन्सर, 9 व्होल्टची बॅटरी, 'कूं' असा सूर मिसळायला आणखी दोन ट्रान्झिस्टर, आणि सगळं साबणाच्या डबीत. व्हॉल्व्हच्या सेटला जोडताना वायरीत 630 व्होल्टचा कंडेन्सर हवाच, आत दोनशेवर व्होल्ट खेळत असतात. काही सेटांची तर चासीच, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट मेनला जोडलेली असते. तिथे सेटला मेनपासून वेगळं ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय मी मागचं झाकणसुद्धा उघडत नाही.

पण तारवटी लोकांनी आणलेले सेट युरोपातले. कुणाची आय.एफ. 452, कुणाची 460, कुणाची 470. तिथे साबणाची डबी खोटं बोलते. मग एका मेलेल्या सेटची आय.एफ.टी. आणि गँग (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर) घेऊन फिरता ऑसिलेटर केला. त्याचा आकडा मोजायचा कसा? ऑसिलेटरमधून त्याच्या आकड्याची दुप्पटही थोडी बाहेर पडते. 460 ची दुप्पट 920, आणि 920 मीडियम वेव्हवर येतं. डिजिटल आकड्यांचा साधा रेडिओ 920 वर लावून शेजारी ठेवायचा आणि त्यात 'कूं' नेमकं येईपर्यंत गँग फिरवायचा. 452 साठी 904. फ्रिक्वेन्सी मीटर मी आजवर विकत घेतलेला नाही.

जुळवताना सेटचा व्हॉल्यूम पूर्ण आणि सिग्नल जेमतेम ठेवायचा. जोराचा सिग्नल दिला की सेटमधलं ए.व्ही.सी., म्हणजे आपोआप आवाज सारखा ठेवणारी सोय, आवाज सावरून धरतं आणि शिखर कुठे गेलं ते कळत नाही. स्पीकरवर मल्टिमीटर एसी रेंजला लावायचा, कानापेक्षा काटा प्रामाणिक. शेवटच्या आय.एफ.टी.पासून सुरुवात करून मागे मागे यायचं, मग ऑसिलेटर, मग एरियल. डायलसाठी मी आकाशवाणीच वापरत आले: खालच्या टोकाला रात्री मुंबईची अस्मिता वाहिनी 558, वरच्या टोकाला आपली पणजी 1287. खाली कॉइल किंवा पॅडर (खालचं टोक जुळवायचा कंडेन्सर), वर ट्रिमर, पुन्हा खाली, पुन्हा वर, तीन-चार फेऱ्या. आपल्याकडे मीडियम वेव्हचे आकडे 9 च्या पटीत असतात, 1287 म्हणजे 9 गुणिले 143. फुकटची फूटपट्टी.

'एवढं कशाला, आत ब्लूटूथ बसवून द्या' असं नातवंडं म्हणतात. एकदा असाच एक नातू आजोबांना घेऊन आला. आजोबांचं म्हणणं, 1955 च्या 25 नोव्हेंबरला आंबोलीच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचं गोवामुक्तीसाठीचं गुप्त रेडिओ केंद्र सुरू झालं, ते त्यांच्या घरात याच सेटवर कान लावून ऐकलं जायचं. सेट तेवढा जुना होता की नाही याबद्दल मला शंका आहे. विचारलं नाही. डायलवरचा काटा फिरला पाहिजे, एवढीच त्यांची अट होती, आणि ब्लूटूथला काटा नसतो.

आता तुमच्या सेटचं. मागच्या झाकणाच्या आत छापील कागद चिकटवलेला असेल, त्यावरचा आय.एफ.चा आकडा वाचून कळवा. कोअरला खाच आहे की षटकोनी भोक, तेही बॅटरी मारून बघा. फिरवू मात्र नका. फिरवलाच असेल तर तसं सांगा. मी रागावत नाही, नुसता चहा देते.