तेराशेवर सोळाशेचं हेड बसेल का?

फोक्सवॅगन बीटल बाळगणारा माणूस भेटला की रंग, वर्ष, मायलेज झाल्यावर हा प्रश्न येतोच. ‘इंजिन तेराशे सीसीचं आहे, सोळाशेची हेडं (सिलिंडरवरची झाकणं, व्हॉल्व्ह आणि प्लग असतात ती) स्वस्तात मिळतायत, चढवू का? गाडी जरा ओढेल तरी.’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नका चढवू.

या इंजिनात सिलिंडर ब्लॉकमध्ये ओतलेले नसतात. चार सुटे बॅरल, म्हणजे सिलिंडरच्या नळ्या, खालून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या मुख्य कवचात) आणि वरून हेडमध्ये शिरतात. बॅरलची वरची कड हेडमधल्या गोल खाचेत थेट धातूवर धातू टेकते. १३०० आणि १६०० दोघांचा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ६९ मिमीच, पण बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) एकाचा ७७ आणि दुसऱ्याचा ८५.५. त्यामुळे खाचेचा व्यासही वेगळा. तेराशेचा बॅरल सोळाशेच्या खाचेत सैल पडतो, आणि तिथून गॅस फुंकायला लागला की हेडची कड जळत जाते.

समजा, एखाद्या हुशार मेस्त्रीने रिंग घालून ती हेडं बसवलीच. तरी मूळ दुखणं तसंच राहतं. हिशेब करून बघा. तेराशेचा (खरा आकडा १२८५ सीसी) एक सिलिंडर साधारण ३२१ सीसीचा. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, साडेसातास एक धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ४९ सीसीच्या आसपास हवी. सोळाशेचा (१५८४ सीसी) सिलिंडर ३९६ सीसीचा, म्हणून त्याला तीच जागा ६१ सीसी लागते. आता मोठ्या इंजिनाची ही ६१ सीसी जागा छोट्या सिलिंडरच्या डोक्यावर आली की कॉम्प्रेशन सव्वासहाच्या घरात घसरतं. व्हॉल्व्ह मोठे मिळाले खरे, पण भडका मंद. गाडी ओढायची राहिली बाजूला, पेट्रोल मात्र जास्त पिईल.

उलटा प्रयोगही लोकांच्या डोक्यात असतो: तेराशेची हेडं लेथवर मोठी करून सोळाशेला लावायची. गणित नवास एकपर्यंत जातं. पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीला नऊ म्हणजे काहीच नाही. इथे हेडची उष्णता फक्त पंख्याची हवा आणि तेल वाहून नेतात. घाटात, उन्हात, नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके) सुरू झालं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

बिनधास्त चालणारी जोडी एकच, १५०० आणि १६००. ८३ आणि ८५.५ बोअरच्या बॅरलची बाहेरची मापं सारखी, म्हणून हेडं एकमेकांची बसतात. कॉम्प्रेशन थोडं हलतं: सोळाशेचं हेड पंधराशेवर लावलं तर सातच्या थोडं वर, उलट लावलं तर आठच्या थोडं खाली. दोन्ही चालतं. या बॅरलच्या जागी ८७ मिमीचे पातळ बॅरल सरळ बसतात म्हणून विकतातही. माझं मत विचाराल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. भिंत इतकी बारीक की तापून वाकडी होते.

जुनी हेडं घेताना आधी व्हॉल्व्हच्या दोन सीटांमधली जागा आणि प्लगच्या भोकाकडे जाणारी चीर बघा. तीन नंबरचा सिलिंडर विशेष. जुन्या रचनेत ऑइल कूलर त्याच्या हवेच्या वाटेतच बसायचा, म्हणून तिथला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी दगा देतो. मग हेड क्रँककेसला आवळून धरणारे स्टड बघा. सुरुवातीची इंजिनं १० मिमीच्या स्टडवर, नंतरची ८ मिमीच्या. बारीक स्टडला पिळही कमी द्यायचा असतो. जुन्या सवयीने आवळलं तर मॅग्नेशियमच्या केसमधले आटेच बाहेर येतात.

आणि विक्रेत्याने सांगितलेल्या सीसीवर जाऊ नका. हेड कुणी किती वेळा घासलंय ते बाहेरून कळत नाही. प्लग लावा, व्हॉल्व्ह बसवा, हेड उलटं करून चेंबरवर भोक पाडलेली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ग्रीस लावून चिकटवा आणि सिरिंजने रॉकेल भरा. मावेल तेवढं चेंबरचं माप. त्यात पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या माथ्यापासून बॅरलच्या वरच्या कडेपर्यंत उरणारी जागा मिळवायची, मग वरचा हिशेब लावायचा. ती जागा कमी-जास्त करायला बॅरलखाली घालायच्या शिम (पातळ चकत्या) मिळतात, पण शिम घातली की पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) लांबीही तपासावी लागते.

हो, आणि दोन्ही हेडं एकाच प्रकारची घ्या. १९७१ च्या मॉडेलपासून ड्युअल पोर्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला मिश्रण आत घ्यायची वेगळी वाट असलेली हेडं आली. एका बाजूला सिंगल आणि दुसऱ्या बाजूला ड्युअल घेऊन आलात, तर कॉम्प्रेशनचा प्रश्नच उरणार नाही. मिश्रण हेडपर्यंत नेणारं मॅनिफोल्डच बसणार नाही.